लोखंडी खिडकी आणि दोन मिलिमीटर



"मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल लिही," असं मॅडमनी सांगितलं तेव्हा डोक्यात आधी रोबोट, सोलर कार, नॅनो टेक्नॉलॉजी असं सगळं येऊन गेलं. पण ते सगळं इकडून तिकडून वाचलेलं. मग स्वतःलाच विचारलं, की आपण स्वतःच्या हातांनी केलेलं, सपशेल चुकलेलं आणि पुन्हा दुरुस्त केलेलं असं काय आहे? उत्तर एकच आलं : आजीच्या घरातल्या लोखंडी खिडक्या!

बारामतीत आमचं जुनं घर आहे. आजोबांनी १९७८ साली बांधलेलं. पाच खिडक्या, सगळ्या लोखंडी, बाहेर उघडणाऱ्या दोन-दोन दारांच्या. अशा खिडक्या तुम्हीही पाहिल्या असतील. जुन्या शाळेत, सरकारी ऑफिसात, साखर कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. पातळ लोखंडी चौकट, तिच्यात तीन मिलिमीटरची काच आणि काचेच्या कडेने वाळून दगड झालेली पांढरी-करडी पट्टी. या प्रकाराचं मूळ इंग्लंडचं. एसेक्समधल्या ब्रेनट्री गावात क्रिटॉल नावाच्या माणसाने १८८४ साली धातूच्या खिडक्या बनवायला सुरुवात केली. पुढे मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारतींपासून आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांपर्यंत त्या पोचल्या. त्यांच्यासाठी आय.एस. १०३८ हे भारतीय मानकसुद्धा आहे.

तर झालं असं, की आजीच्या खिडक्यांचा रंग पोपडे धरून निघायला लागला. खालच्या पट्टीवर गंज, एका काचेला कोपऱ्यात तडा. काका म्हणाले, "काढून टाकू सगळ्या. ॲल्युमिनिअमच्या सरकत्या बसवू, कटकट नको." आजी म्हणाली, "सरकती खिडकी कधीही अर्धीच उघडते. मे महिन्यात रात्री अर्ध्या खिडकीत मी झोपू कशी?" मुद्दा बिनतोड होता. दोन सरकत्या झडपांपैकी एक कायम दुसरीच्या मागे उभी असते, म्हणजे वाऱ्याला वाट निम्मीच. आणि मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "काका, एक पावसाळा थांबा. मी करते दुरुस्त. मेकॅनिकलला आहे मी!"

मी केलेल्या तीन चुका

मे महिन्याच्या सुट्टीत मी कामाला लागले. सुटलेले पोपडे खरवडले. जिथे काचेकडची पट्टी गळून पडली होती तिथे घरात उरलेली भिंतीची पुट्टी भरली. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत व्हाइट सिमेंट दाबून बसवलं. चौकटीच्या खालच्या पट्टीत पेन्सिल जाईल एवढी दोन भोकं होती, त्यातून मुंग्या येतात म्हणून ती सिलिकॉनने बंद केली. मग काचेवर अगदी कडेला चिकटपट्टी लावून ऑइलपेंटचे दोन हात मारले आणि पट्टी ओढून काढली. काय सुरेख रेघ आली होती! शाळेत चित्रकलेच्या तासाला रंग रेघेबाहेर गेला की सिस्टर पान पुन्हा रंगवायला लावायच्या. त्या असत्या तर मला स्टार दिला असता.

आपला बारामती-इंदापूरचा भाग पर्जन्यछायेतला. पाऊस थोडा, मग गंजाची काय भीती, असं मला वाटत होतं. पण थोडा पडतो तो आपल्याकडे हळुवार पडत नाही. वळीव असो की सप्टेंबरमधला परतीचा पाऊस, वाऱ्यासकट आडवा येतो आणि खिडकीवर अक्षरशः पाण्याची बादली फेकल्यासारखा आदळतो. सप्टेंबरमध्ये असाच एक पाऊस झाला. काचेच्या कडेने पाणी आत शिरलं, खालच्या पट्टीत साठलं. बाहेर जायला वाट नाही, कारण ती मीच बुजवलेली! मग ते आतल्या बाजूने भिंतीवरून उतरलं. त्या खिडकीच्या बरोबर खाली प्लग पॉइंट आहे. सकाळी आजीने शेगडीची पिन लावायला हात नेला आणि हाताला झिणझिण्या आल्या. नशीब, तेवढ्यावर भागलं.

मला फोनवर हे कळलं तेव्हा हॉस्टेलच्या जिन्यात मी मटकन बसले. जर्नलमधल्या चुकीला लाल शेरा मिळतो. ही चूक आजीच्या हातापर्यंत पोचली होती. काका म्हणाले, "आता तरी बदलूया." आजी म्हणाली, "तिने बिघडवलंय ना, तिलाच नीट करू दे. पण या वेळी कुणालातरी विचारून कर म्हणावं." त्याच दिवशी वायरमन बोलावून तो प्लग पॉइंट तिथून हलवला आणि अर्थिंग तपासून घेतलं. तुमच्याकडे गळक्या खिडकीखाली बोर्ड असेल तर रंगाच्या आधी हे काम करा.

गंज नेमका करतो काय?

डिसेंबरमध्ये परीक्षा संपल्यावर मी पुन्हा गेले. या वेळी सोबत गल्लीतले एक वयस्कर पेंटरकाका होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, आधी ती लांबी घेऊन या." मी आत गेले आणि मेजरिंग टेप घेऊन आले! काका पोट धरून हसले. तेव्हा मला कळलं, की लांबी म्हणजे पुट्टी. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा हा तोटा. 'लेंग्थ'ला लांबी म्हणतात हे माहीत, पण डब्यात मिळणारी लांबी माहीत नाही. जुन्या मराठीत तिलाच लुकण म्हणतात, हे आजीने सांगितलं.

पेंटरकाकांनी खिडकीच्या खालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिलं. वरचे गंजाचे पापुद्रे पडले आणि टोक आतल्या लोखंडावर खणकन वाजलं. "जिवंत आहे," ते म्हणाले. इथे फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतला करोजनचा धडा आठवा. लोखंडाचा गंज होताना त्याचं आकारमान दुप्पट ते सहापट होतं. त्याचे दोन अर्थ निघतात. पहिला दिलासा देणारा : गंज दिसतो तेवढं लोखंड गेलेलं नसतं. तीन मिलिमीटर जाडीचे पापुद्रे निघाले तरी खरं लोखंड अर्धा ते दीड मिलिमीटरच गेलेलं असतं. टोचल्यावर टोक आरपार गेलं तर मात्र तो तुकडा कापून वेल्डिंग करावं लागतं. दुसरा अर्थ सावध करणारा : फुगणाऱ्या गंजाला जागा लागते आणि ती जागा तो काचेला ढकलून मिळवतो. आमच्या काचेच्या कोपऱ्यातला तडा दगडाने गेलेला नव्हता. तो गंजाने आतून पाडलेला होता.

आणखी एक गोष्ट. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे आपण पाठ केलेलं असतं. पण लोखंड झिजतं कुठे? जिथे ऑक्सिजन कमी पोचतो तिथे! मिठाच्या पाण्याचा थेंब लोखंडी पत्र्यावर ठेवला तर थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते आणि मधल्या भागाला कमी. खड्डा पडतो मध्ये आणि गंजाचं कडं त्याच्या भोवती बनतं. ओरलला आपण हे 'डिफरन्शियल एरेशन' म्हणून घडाघडा सांगतो. खिडकीत मधला भाग म्हणजे लांबीच्या मागची फट, जिथे पाणी शिरतं पण हवा जेमतेम पोचते. म्हणजे वरून रंग छान दिसत असताना खिडकी मागून झिजत असते. म्हणूनच या कामात रंग दिसायला कसा आहे यापेक्षा पाणी कुठून शिरतं हा प्रश्न आधी विचारायचा.

काम करण्याची पद्धत

आता आम्ही पाच खिडक्या कशा केल्या ते क्रमाने सांगते.

१) खरवडणे. सुटलेला रंग पत्र्याने (म्हणजे पेंटरच्या लवचिक पात्याने) काढायचा, गंज तारेच्या ब्रशने घासायचा. घट्ट बसलेला जुना रंग काढायची गरज नाही. त्याच्या कडा फक्त वॉटर पेपरने उतरत्या करायच्या. एक महत्त्वाची काळजी घ्या. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही आणि रंग बर्नरने जाळायचा तर मुळीच नाही. पाणी लावून घासायचं, लगेच कोरडं पुसायचं, नाकाला चांगला मास्क लावायचा, लहान मुलांना लांब ठेवायचं आणि खालचा कचरा ओल्या फडक्याने गोळा करायचा.

२) जुनी लांबी काढणे. घट्ट आहे तिथे तिला हात लावायचा नाही. हलते किंवा भेगाळली आहे तिथे छिन्नीने हलकेच, काचेला समांतर ठोकत काढायची. काचेकडे तिरका घाव गेला की नवी काच आणावी लागते. (आम्हाला दोन आणाव्या लागल्या. एक तड्याची आणि एक माझ्या हातची!)

३) प्रायमर. घासलेलं लोखंड टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचं आणि त्याच दिवशी प्रायमर लावायचा. उघडं लोखंड रात्रभर दवात राहिलं की सकाळी त्यावर पिवळसर झाक येते आणि सगळी मेहनत परत. प्रायमर रेड ऑक्साइड-झिंक क्रोमचा किंवा झिंक फॉस्फेटचा मिळतो. आम्ही झिंक फॉस्फेटचा घेतला, कारण क्रोमेट शरीराला घातक. दोन हात मारायचे. आणि काच जिथे बसते त्या खाचेत तर आवर्जून मारायचा, कारण तिथे नंतर कधीच ब्रश पोचणार नाही.

इथे पेंटरकाकांनी एक मजेची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील प्रायमर म्हणून जवसाच्या तेलात खललेला शेंदूर लावायचे. शेंदूर म्हणजे आपल्या पुस्तकातलं रेड लेड! तेलाबरोबर त्याचे शिशाचे साबण तयार होतात आणि ते लोखंडाला गंजण्यापासून वाचवतात. पूर्वी लोखंडी पूल, जहाजं यांनाही तोच लावत. मला एकदम मोरगाव आठवलं. आपल्याच तालुक्यातल्या मयूरेश्वराला आणि गावोगावच्या मारुतीरायाला शेंदूर चढतो, वर्षानुवर्षं थरावर थर बसत जातात आणि कधीतरी ते जाड कवच आपल्या वजनाने सुटतं. आजीच्या खिडकीवरचे पोपडे म्हणजे तेच! रंगाचा थर जितका जाड तितका टिकाऊ, हा आपला गैरसमज आहे. जाड थर ताठ होतो, तडकतो आणि त्याच्यामागे पाणी शिरतं. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. शेंदूर मात्र आता खिडकीला लावू नका, शिसं विषारी आहे.

४) लांबी भरणे. ही माझी पहिली चूक होती. भिंतीची पुट्टी सिमेंटची असते. ती ताठ असते आणि पाणी पिते. काचेची लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. कणकेसारखी मळायची, हाताला चिकटेनाशी झाली की तयार. आधी खाचेत पातळ थर, त्यावर काच हलकेच दाबून बसवायची, क्लिपा लावायच्या, मग बाहेरून लांबी भरून पत्र्याने एका दमात तिरका उतार काढायचा. उतार का, तर पाणी थांबू नये. आपल्या घराच्या पत्र्याला उतार असतो तसाच. काचेच्या आतल्या बाजूने पाहिलं तर हा उतार चौकटीच्या कडेच्या वर दिसता कामा नये.

हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही. शिवाय लाकूड थोडं तेल पितं, लोखंड पीत नाही. त्यामुळे लोखंडी चौकटीत लांबी जास्त दिवस मऊ राहते. लोखंडी चौकटीसाठी वेगळी लांबी मिळते, मिळाली तर तीच घ्या. वर कडक साय येईपर्यंत एक-दोन आठवडे थांबायचंच. आणि तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तीच ऑक्सिजनची क्रिया आत उष्णता साठवते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा नाहीतर एकेक पसरून वाळवा.

५) भिंतीकडची फट. ही दुसरी चूक. थोडं गणित करू. चौकट १.२ मीटर उंच. डिसेंबरच्या पहाटे लोखंड १० अंशांवर आणि मेच्या दुपारी उन्हात ६० अंशांवर, असा ५० अंशांचा फरक धरा. पोलादाचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे १२ × १०⁻⁶. म्हणजे १२०० × १२ × १०⁻⁶ × ५० = ०.७२ मिलिमीटर. चौकट वर्षभरात जवळजवळ पाऊण मिलिमीटर लांब-आखूड होते आणि मी तिला व्हाइट सिमेंटने जखडून ठेवलं होतं! ते तडकणारच. तिथे ताणलं जाणारं सीलंट हवं. फट मोठी असेल तर आत फोमची दोरी दाबायची आणि वरून सीलंट. सिलिकॉन घेताना न्यूट्रल असं लिहिलेलं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, ते लोखंडाला गंजवतं. आणि सिलिकॉनवर रंग बसत नाही, म्हणून आधी रंग, मग सिलिकॉन.

६) भोकं मोकळी ठेवणे. तिसरी आणि सगळ्यात महाग पडलेली चूक. कितीही बंदोबस्त केला तरी थोडं पाणी आत येणारच, हे गृहीत धरून जुन्या कारागिराने ती भोकं ठेवली होती. पाणी अडवायचं ते वरून आणि बाजूने. खाली त्याला जायला वाट द्यायची. आता दर मृगाच्या आधी आजी त्यातून तार फिरवते. मुंग्या येतात तर येऊ देत.

शेवटचे दोन मिलिमीटर

सगळ्यात शेवटी रंग. सकाळचं दव वाळल्यावर सुरू करायचं, ऊन ज्या भिंतीवर येतंय तिच्या उलट्या बाजूने. तापलेल्या लोखंडावर रंगाला फोड येतात. मी सवयीने चिकटपट्टी घेऊन काचेच्या अगदी कडेला लावायला लागले. पेंटरकाकांनी हात धरला. "ताई, रंग काचेवर थोडा चढू द्या. एक सूत नको, अर्धा सूत बस."

मी म्हटलं, "घाण दिसेल."

ते म्हणाले, "घाण दिसत नाही. पाणी दिसत नाही."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. लांबी आणि काच जिथे भेटतात तिथे केसाएवढी रेघ असते. काचेचा प्रसरणांक पोलादापेक्षा कमी, सुमारे ९ × १०⁻⁶. आधीच्याच गणिताने काच ०.५४ मिलिमीटर वाढते, चौकट ०.७२. हा ०.१८ मिलिमीटरचा फरक रोज थोडा थोडा ती रेघ हलवतो. माझा मे महिन्यातला रंग बरोबर त्या रेघेपाशी थांबला होता. म्हणजे जिथे झाकायचं तिथेच मी उघडं सोडलं होतं, तेही पट्टी लावून, सुबकपणे! रंग दीड-दोन मिलिमीटर काचेवर चढला की ती रेघ त्याच्या खाली येते आणि पाण्याला दार मिळत नाही. नंतर ब्लेडने काच साफ करतानाही तेवढी कड राखायची.

मग नीटनेटकेपणा सोडायचा का? मुळीच नाही. चिकटपट्टी लावायचीच, फक्त लांबीच्या कडेपासून दोन मिलिमीटर पुढे. रंग ओला असतानाच पट्टी ओढायची. रेघ तितकीच सरळ येते, फक्त तिची जागा बदलते. शाळेने शिकवलं होतं की रंग रेघेच्या आत ठेवा. ते चुकीचं नव्हतं. पण रेघ कुठे मारायची हे खिडकीने शिकवलं.

पाच खिडक्यांना मला आणि पेंटरकाकांना मिळून तेवीस दिवस लागले, त्यातले निम्मे नुसते लांबी वाळायची वाट बघण्यात. त्यानंतर एक पावसाळा गेला. सप्टेंबरमधल्या पहिल्या आडव्या पावसाच्या रात्री मी मुद्दाम आजीकडे होते. बारा वाजता टॉर्च घेऊन पाचही खिडक्यांच्या खालून हात फिरवला. चार कोरड्या होत्या. पाचवीच्या एका कोपऱ्यात बोटाला ओल लागली. सकाळी उजेडात पाहिलं, तर तिथे माझी रेघ घसरून काचेच्या कडेवर आलेली होती. दोन मिलिमीटरऐवजी शून्य! त्या खिडकीच्या खाली काही नव्हतं म्हणून बरं.

तो कोपरा येत्या डिसेंबरमध्ये करायचा आहे. काका आता ॲल्युमिनिअमचं नाव काढत नाहीत, पण येता-जाता त्या कोपऱ्याकडे बघतात. आजी मात्र रोज संध्याकाळी दोन्ही दारं सताड उघडते आणि वारा आला की मला फोनवर सांगते.

तेव्हा मित्रांनो, सुट्टीत गावी गेलात की घरातल्या एखाद्या लोखंडी खिडकीजवळ उभे राहा. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, खालची भोकं शोधा आणि रंग काचेवर किती चढलाय ते मोजा. आणि कुणी लांबी आणायला सांगितलं तर टेप आणू नका!